घंटेतला मोजा

इंग्रजीतल्या एका शब्दापायी सगळं घर कापडात गुंडाळणारा माणूस मी एकच पाहिला. नल्लकुंट्यात आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे, इंग्रजीचे निवृत्त सर. शब्द होता ‘मफल’. ‘‘आवाज पार बंद केला की म्यूट,’’ ते मला जिन्यात अडवून सांगत, ‘‘गप्प बसवलं की सायलेन्स, तो प्रयत्न मी जन्मभर वर्गात केला, जमला नाही. मफल म्हणजे आवाजाला पांघरूण घालायचं. ढोल मफल करतात, पावलं मफल करतात. तुमचा गळ्यातला मफलर त्याच घराण्यातला.’’ ‘‘सर, पिशवीत टोमॅटो चेंगरतायत,’’ मी म्हणे. ‘‘टोमॅटोला हा शब्द चालत नाही,’’ ते गंभीरपणे सांगत.

हे वेड लागलं ते त्यांच्या बायकोमुळे, आमच्या काकूंमुळे. त्यांना ऐकू येईना म्हणून सरांनी श्रवणयंत्र आणलं. पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात ताट पडलं आणि काकूंनी यंत्र काढून डब्यात ठेवलं. ‘‘भांडी किंचाळतात गं. त्यापेक्षा बहिरी बरी.’’ मग त्या नुसत्या हसून मान हलवू लागल्या. रोज संध्याकाळी चहाबरोबर सरांशी वाद घालणारी ही बाई. तिचं ते मान हलवणं सरांना सोसेना.

त्यांनी घराला पांघरुणं घालायला घेतली. खुर्च्यांच्या पायांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे, दारांना फ्लॅनेलच्या पट्ट्या, भांडी घासायच्या जागी जुना टॉवेल. देवघरातल्या घंटेत स्वतःचा लोकरी मोजा. (‘‘धुतलेला आहे,’’ हे त्यांनी मी न विचारताच सांगितलं.) कामाला येणाऱ्या यादम्माच्या मागे ‘‘हल्लू, यादम्मा, हल्लू’’ करत फिरायचे. ती वैतागून म्हणायची, ‘‘इत्ता हल्लू घिसे तो बर्तनां साफ नै होते, सार!’’ एकदा मी त्यांना कुकरच्या शिट्टीवर चिंधी बांधताना पकडलं. ‘‘सर, फुटेल तो!’’ ‘‘विज्ञान माझा विषय नव्हता,’’ म्हणत त्यांनी चिंधी सोडली. शेवटी मीच तोडगा काढला. त्यांचा कुकर रोज अकराला माझ्याकडे वर यायचा आणि शिट्ट्या माझ्या घरात व्हायच्या.

महिन्याभराने कुकर घेऊन खाली गेले, तर दाराबाहेर भांडण ऐकू आलं. ‘‘काहीतरीच बोलू नका! भाचीच्या लग्नात आंबटवरण मीच केलं होतं, तुमच्या बहिणीने नाही,’’ काकू म्हणत होत्या. यंत्र कानामागे होतं. सर हरत होते, आणि हरतानाचा इतका प्रसन्न चेहरा मी दुसरा पाहिलेला नाही.

आता सरांनाच कमी ऐकू येतं. यंत्र घ्या म्हटलं तर ‘‘माझं काही अडत नाही’’ म्हणतात. परवा मी कुकर द्यायला गेले, तेव्हा ते खिडकीशी पाठमोरे वाचत बसले होते. काकूंनी दोन हाका मारल्या. मान हलली नाही. तिसरी हाक न मारता त्या देवघरात गेल्या, घंटेतला मोजा ओढून काढला आणि भर दुपारी घंटा वाजवली.

सर दचकून वळले. ‘‘कोण आलं?’’

‘‘मीच आहे,’’ काकू म्हणाल्या. ‘‘जेवायला चला.’’

मग त्यांनी मोजा झटकला आणि सरांच्या कपाटात नेऊन ठेवला. दुसरा मोजा तिथेच होता.