हिच्या हाताचा पट्टा

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. लिहिताना चुका होतील, त्या होऊ देत. पण हे मला दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यायचं नाही.

बायकोला लकवा मारला त्याला आता दोन वर्षं होतील. उजवी बाजू गेली. पाय महिनाभरात टेकायला लागला, हात मात्र तसाच लोंबत राहिला. ठाण्याच्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणालेले, पहिल्या पाच-सहा महिन्यांत हाताकडून काम करून घ्या, बोटं एकदा आवळली की सुटायची नाहीत. व्यायामाला आठवड्यातून तीनदा बोलावलेलं. आम्ही राहतो मानपाड्याला, चौथ्या माळ्यावर, लिफ्ट नाही. शेजारचे दोघे तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली उतरवायचे, मग रिक्षा, मग ठाणं. दोनदा गेलो. दुसऱ्या खेपेला जिन्यातच तिची साडी सुटली. वर आल्यावर म्हणाली, "आता मला एकदाच खाली न्या."

गाऊन तिने घातला नाही. त्यामुळे निऱ्या घालायचं काम माझ्याकडे. मी तीस वर्षं केमिकल कंपनीत पाइप जोडले, निऱ्या कधी घातल्या नव्हत्या. ती खाली बघून म्हणायची, "अहो, ही साडी आहे, पाइप नाही, की आवळली सुतळी. माझा हात येऊ दे परत, पहिलं तुम्हाला या कामावरून काढते."

मग त्याच हॉस्पिटलातून संशोधनवाले घरी आले. एक डॉक्टर आणि व्यायाम शिकवणारी एक पोरगी. जिना चढून दोघांना दम लागलेला. डॉक्टर म्हणाले, "काका, लिफ्टवाल्या बिल्डिंगमधला माणूस बरा होतो आणि जिन्यावरचा घरात पडून राहतो, हे आम्हाला बदलायचंय." त्यांनी एक मोबाइल दिला आणि मनगटावर बांधायचा एक पट्टा. मोबाइलमधली बाई व्यायाम करून दाखवणार, हात किती वेळा उचलला ते पट्टा मोजणार. दिवसाचा व्यायाम पुरा झाला तर मोबाइलवर हिरवा गोळा, नाही झाला तर लाल. पोरगी दर मंगळवारी घरी येऊन हात बघणार.

मोबाइलमधली बाई म्हणायची, "आपला हात हळुवारपणे वर घ्या." बायको म्हणाली, "मला आपला म्हणते, कुठली पाहुणी ही?" आठवडाभर तिने केलं. नंतर खांद्यातून कळ यायला लागली आणि ती रडायला लागली. मी ओरडलो. ती म्हणाली, "तुमचा हात आहे का हा?" आणि भिंतीकडे तोंड करून पडली. चार दिवस लाल झाले.

पाचव्या दिवशी संशोधनवाल्यांच्या ऑफिसातून कुणा बाईचा फोन. "काका, काकूंचे चार दिवस लाल दिसतायत." एवढंच बोलली, चांगलं बोलली. पण माझ्या डोक्यात गेलं. तीस वर्षांत माझ्या शिफ्टच्या कामावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. वर असंही वाटलं, आपण नापास दिसलो तर पोरीला पाठवणं बंद करतील, मोबाइल घेऊन जातील, दुसऱ्या कुणाला देतील.

दुसऱ्या दिवशी तो पट्टा मी माझ्या मनगटाला बांधला. खुर्चीत बसलो आणि मोबाइलमधल्या बाईच्या सांगण्याप्रमाणे हात वर, हात खाली. बायको पलंगावरून बघत होती.

"अहो, लकवा मला झालाय की तुम्हाला?"

"गप्प बस. कळ थांबली की तू कर. तोवर मी सांभाळतो."

गोळा हिरवा झाला. ती हसली, मलाही हसू आलं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी घरात बऱ्याच दिवसांनी बरं वाटलेलं.

कळ काही थांबली नाही. मी रोज हिरवं करत राहिलो. पुढच्या मंगळवारी पोरगी आलीच नाही, फोन आला. "काका, काकूंचं एकदम मस्त चाललंय! आता मी घरी यायची गरज नाही. आम्ही माणसं कमी आहोत, ज्यांचं लाल आहे त्यांच्याकडे जाते. तुमच्याशी फोनवर बोलू."

तेव्हा बोलायला पाहिजे होतं. तोंड उघडलंही होतं. पण तिने "काका, शाबास" म्हटलं आणि मी म्हणालो, "चालेल."

चार महिने असेच गेले. फोनवर हात दाखवा म्हणाली की मी सांगायचो, आत्ता झोपलीय.

मग मोजमाप घ्यायला पोरगी स्वतः आली, पेढे घेऊन. म्हणाली, "काकू, तुम्ही सगळ्यांच्या पुढे आहात." आणि हात हातात घेतला. मूठ घट्ट वळलेली, नखं तळव्यात रुतलेली. ती मूठ उघडायला गेली तर बायको किंचाळली. पोरीला काही कळेना. तिने पट्टा उलटासुलटा केला. "हाच खराब निघाला असणार. सॉरी काकू. मी ऑफिसात तक्रार करते."

पट्ट्यावर जातंय तर जाऊ दे, असं माझ्या मनात आलेलं, ते इथे लिहितो.

बायको म्हणाली, "पट्टा चांगला आहे, पोरी. आणि ह्यांचा हात पण चांगला आहे."

मग मी सांगितलं सगळं. वाटलं, पोरगी चिडेल. ती चिडली असती तर मी दोन शब्द उलट बोललो असतो, मला ते जमतं. ती खाली लादीवर बसली. म्हणाली, "काका, लाल राहिलं असतं तर मी दर मंगळवारी आले असते."

ती पुढे म्हणाली, "चूक आमची पण आहे. आम्ही नुसतं लाल दाखवलं. दुखतंय म्हणून नाही केलं, हे सांगायला तुम्हाला जागाच ठेवली नाही." ती बोलली ते माझं मन राखायला की खरंच, मला माहीत नाही. मी ते घेतलं नाही. दुखतंय हे सांगायला मला तोंड होतं.

पुढच्या आठवड्यात ती कागद घेऊन आली. हिचं नाव त्यांच्या कामातून काढायचं होतं, कारण हिचे म्हणून जे महिने त्यांच्याकडे होते ते माझे होते. मी म्हणालो, नाव राहू दे, आता खरं करू. ती म्हणाली, "मी येत जाईन काका, जमेल तसं. पण काकू यात नाही राहू शकत."

बायकोला लिहिता येत नाही. पोरीने शाईचा पॅड पुढे केला आणि म्हणाली, "डाव्या हाताचा अंगठा चालेल."

"उजव्याचा घे," बायको म्हणाली.

"काकू, दुखेल."

"घे म्हणते ना."

अंगठा मुठीच्या आत होता. पोरगी माझ्याकडे बघायला लागली. मी पलंगावर बसलो, बायकोची मूठ मांडीवर घेतली आणि करंगळीपासून एकेक बोट सोडवायला लागलो. ती ओठ दाबून माझ्याकडे बघत राहिली. तिसऱ्या बोटाशी मी थांबलो.

"थांबू नका आता," ती म्हणाली.