चाळणीबाईचं अर्धं कार्ड

मागच्या वेळी एखादी गोळी गिळलीत, तेव्हा ती एवढीच का, दुप्पट का नाही, हे डॉक्टरला विचारलं होतंत का? नसेलच विचारलं. मीही कधी विचारत नव्हते. विचारायची अक्कल मला ज्या बाईनं दिली, ती आज एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पिशव्या सांभाळत बसते. तिला तिथं कुणी बसवलं ते सांगते. मी कामगार संघटनेत काम करणारी बाई आहे, गोड बोलणं मला जमत नाही, तेव्हा तशी अपेक्षा ठेवू नका.

तोंडावर तिला मॅडम म्हणत, पाठीमागे चाळणीबाई. तळघरात, गळक्या पाइपाखाली तिचं टेबल. संगणकावर कायम प्लॅस्टिकचा कागद पांघरलेला. तिचं काम एवढंच की जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांतून विद्यार्थ्यांना आणि संशोधन करणाऱ्या डॉक्टरांना नेमके लेख शोधून द्यायचे. एवढंच म्हणते खरी, पण ते करायला बसलात तर दुपारपर्यंत रडाल.

"मॅडम, मधुमेहावर सगळं द्या ना."

"सगळं दिलं तर वाचून होईपर्यंत तुलाच मधुमेह होईल. रुग्ण कोण, दिलं काय, कशाच्या जागी दिलं आणि बघायचंय काय? चार गोष्टी लिहून आण. नाहीतर कँटीनमध्ये जाऊन बस, तिथं काहीच लिहावं लागत नाही."

पोरं चिडायची, पण लिहून आणायची. मग ही शब्दाला शब्द जोडून शोध लावायची. दोन हजार लेख यायचे, चाळून तीनशे उरायचे, पुन्हा चाळून दहा-बारा. त्यानंतर ती जे करायची ते दुसरं कुणी करत नसे. प्रत्येक लेख छापल्यानंतर त्याच्याच नियतकालिकानं मागे घेतलाय का, हे तपासायची. आकडे खोटे निघाले की लेख रद्द होतो, पण लोकांच्या कपाटांतून तो तसाच फिरत राहतो. असा लेख सापडला की त्यावर ती टाचणीनं चिठ्ठी लावायची: 'रद्द झालेला लेख. वापरू नये.'

"मग देतेसच कशाला?" मी नंतर एकदा विचारलं होतं.

"नाही दिला तर दुसरीकडून आणतात. तिकडे चिठ्ठी नसते."

आणि कार्ड. पिवळं, मधून दुमडलेलं, दोन्ही अर्ध्यांवर एकच मजकूर. कोणते लेख दिले, त्यातला रद्द कोणता, त्याखाली लाल रेघ. वरच्या अर्ध्यावर नेणाऱ्याची सही, ते बाईकडे. खालच्यावर बाईची सही, ते नेणाऱ्याकडे. सव्वीस वर्षांत सहीशिवाय तिच्या हातून कागद सुटला नाही. विभागप्रमुख स्वतः कधी तळघरात उतरायचे नाहीत, विद्यार्थी पाठवायचे. त्यामुळे बाईनं सह्या घेतल्या त्या सगळ्या पोरापोरींच्या. हे लक्षात ठेवा.

शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख, सगळ्यांचे मोठे सर. ऑपरेशननंतर द्यायच्या एका औषधाची मात्रा वाढवून बघायचं त्यांच्या मनात होतं. लेख आणायला त्यांनी शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी पाठवली. ही बाईची लाडकी. रोज बाईच्या डब्यातलं खायची, शोध कसा लावायचा हे तिच्याच टेबलाशी शिकली. बाईनं नऊ लेख दिले. चौथा रद्द होता, त्यावर चिठ्ठी टाचली. पोरीनं कार्डावर सही केली आणि फाटकाशी झेरॉक्स काढायला गेली.

झेरॉक्सवाला म्हणाला, "ताई, टाचण्या काढा आधी. काचेला चरे पडतात."

पोरीनं टाचण्या काढल्या. चिठ्ठी गेली टोपलीत.

मोठ्या सरांना नेमका चौथा लेख आवडला. त्यात दुप्पट मात्रा होती आणि रुग्ण दोन दिवस आधी घरी जात होते. कागदावर जात होते. इथल्या अकरा जणांना दुप्पट औषध दिलं, चौघांची मूत्रपिंडं गेली. त्यातला एक शाळेच्या बसचा ड्रायव्हर. त्याची बायको संघटनेत आली, तिच्यासोबत मी महाविद्यालयात गेले. उत्तर मिळालं, "लेख ग्रंथालयानं दिला. उद्या चौकशी समिती बसतेय."

मी तळघरात उतरले ते भांडायलाच. बाईनं रजिस्टर पुढे सरकवलं.

"ओरड हवं तेवढं. आधी नाव लिही, आल्याची वेळ लिही."

मग तिनं वरचं अर्धं कार्ड काढून दाखवलं. लेख क्रमांक चार, लाल रेघ, खाली पोरीची सही. मी ती सही दोनदा वाचली.

"चौकशी समितीपुढे हे ठेव," मी म्हटलं. "विषय संपला."

"आणि पोरीचं?"

तिनं माझ्यासमोर पोरीला फोन लावला. पोरगी रडली, झेरॉक्सच्या दुकानात टाचण्या काढल्याचं तिनं सांगितलं आणि म्हणाली, "मॅडम, खरं तेच सांगा. मीपण तेच सांगणार आहे."

समितीत तिघे होते. तिघेही मोठ्या सरांबरोबर शिकलेले. मी बाहेर बाकावर. पंधरा मिनिटांत बाई बाहेर आली, चेहरा मोकळा.

"दिलं गं. अध्यक्षांनी स्वतः हातात घेतलं."

"पोच घेतलीस?"

"एवढी मोठी माणसं. त्यांच्याकडून सही कशी मागायची?"

मी व्हरांड्यात तिला वाटेल ते बोलले. शिपाई येऊन उभा राहिला. पण खरं सांगायचं तर मोर्चाचं निवेदन देताना पोलिसाकडूनही पोच घेणारी मी, आदल्या दिवशी फोनवर कार्डाचा एक फोटो काढायचं मलासुद्धा सुचलं नव्हतं. तिला बोलले, तो राग अर्धा माझ्यावरचा होता.

अहवाल आला: 'असं कोणतंही कार्ड समितीपुढे सादर झालेलं नाही.' झेरॉक्सवाला म्हणाला, रोज हजार कागद हातून जातात. पोरीनं लिहून दिलं, लेखावर चिठ्ठी नव्हती. निष्काळजीपणा ग्रंथालयाचा ठरला. शोधाचं टेबल बंद झालं, संगणक वर मोठ्या सरांच्या विभागात गेला आणि बाई दाराशी पिशव्यांच्या खिडकीवर. ती भावाकडे राहते. तिकडे वहिनी म्हणाली, "चला वन्सं, आता निदान घरी वेळेवर याल."

याला सहा वर्षं झाली. आता विद्यार्थी आपापलं शोधतात. रद्द लेख सुखानं फिरतात.

गेल्या महिन्यात ती पोरगी खिडकीशी आली. ती आता त्याच विभागात शिकवते. तिनं पिशवी आत ढकलली.

"मावशी, लॅपटॉप आहे, नीट ठेवा."

बाईनं बिल्ला दिला. हे मला सांगताना ती पिशव्यांचे बंद सरळ करत होती.

"ओळखलं नसेल तिनं," ती म्हणाली.

"रोज डबा खायची तुझा."

"खिडकी खाली आहे गं. वाकल्याशिवाय माणूस दिसत नाही."

बसचा ड्रायव्हर गेल्या वर्षी वारला. त्याच्या बायकोच्या दाव्याची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे आणि महाविद्यालयाचं उत्तर अजून तेच आहे, ग्रंथालयाची चूक. पुढच्या वर्षी बाई निवृत्त होईल, कपाळावर हा शिक्का घेऊन.

पण कार्डाला दोन अर्धी होती. खालचं अर्धं पोरीकडे गेलं, त्यावर लेख क्रमांक चार आहे आणि लाल रेघही. बाई म्हणते, "तिनं टाकलं नसेल. कार्ड टाकायचं नाही, हे मीच शिकवलंय तिला." एवढं सगळं होऊनही ही बाई आपल्या शिकवण्यावर विश्वास ठेवते. मला तिचा संताप येतो.

डॉक्टर लोक, हे तुमच्यासाठी लिहिलंय. त्या वेळी तुम्ही तिथं शिकत असाल, त्या पोरीच्या खोलीत राहिला असाल, तिची पुस्तकं, फाइली तुमच्याकडे आल्या असतील, तर त्या उघडा. किंवा ती पोरगी तुम्हीच असाल. ते पिवळं अर्धं कार्ड शोधा. खिडकीशी या, वाका आणि बाईच्या हातात द्या. आणि हातातून सोडण्याआधी तिच्याकडून पोच घ्या.