फिकं कालवण

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला, अख्ख्या मजल्याला मिळून. तिथली भांडणं सगळ्यांना ऐकू जातात, पण तिथलं दुखणं कुणी कुणाला सांगत नाही.

त्या रविवारी मी दादरहून माहेरी गेले, तर आईने पानात पिवळट, फिकं कालवण वाढलं. मे महिन्यात मसाला भाजून वर्षभराच्या बरण्या भरणारी माझी मालवणी आई! मी वैतागलेच. "आजाऱ्याचं जेवण आहे का गं हे?"

"उष्णता वाढलीय गो," ती म्हणाली. बाबा मान खाली घालून जेवत होते. तिखट जरा कमी पडलं की ताट सरकवणारा हा माणूस! मला वाटलं, म्हातारपणी शहाणपण सुचलं.

भांडी घासताना मी आईची पाठ सोडली नाही. शेवटी नळ मोठा करून ती कुजबुजली, "शौचाला रक्त पडतं. होळीपासून. मूळव्याधच असणार, मसाल्याची." शेजारणीने दिलेलं चूर्ण चालू होतं म्हणे. मला धस्स झालं, आणि रागही आला.

"तू डॉक्टर आहेस का?" मी ओरडले. तिने आधी धावत जाऊन दार लावलं.

दुसऱ्या दिवशी तिला लालबागच्या एका डॉक्टरबाईंकडे नेलं. बाबाही हट्टाने आले. बाई काही न लाजता विचारत गेल्या. रक्त लालभडक की काळपट? शौचानंतर थेंब पडतात की शौचातच मिसळलेलं असतं? वजन उतरलंय? थकवा येतो? पोटाची सवय बदललीय? आई साडीच्या पदराशी बोलल्यासारखी उत्तरं देत होती.

तपासून बाई म्हणाल्या, "मूळव्याधच आहे, औषधाने बरं वाटेल. पण हे घरी बसून ठरवायचं नाही. रक्त काळपट असेल, वजन उतरत असेल, तर लगेच यायचं. खूप रक्त गेलं, चक्कर आली, तर सरळ हॉस्पिटल."

मला हायसं वाटलं. आई तर लगेच पिशवी घेऊन उठली. "चला, घरी जाऊन जेवायचं बघते."

बाबा उठले नाहीत. तेव्हा कुठे माझं त्यांच्या पट्ट्याकडे लक्ष गेलं. त्याला नवीन भोक पाडलेलं होतं.

"डॉक्टर," ते खाली बघत म्हणाले, "काळपट म्हणालात ना, आणि वजन... ते माझं आहे. बरेच महिने झाले."

आई पुन्हा खुर्चीवर बसली.

"मला वाटायचं, माझ्यासाठी फिकं गप खाताय," ती म्हणाली, आणि चारचौघांत त्यांच्या शेजारीसुद्धा न बसणाऱ्या माझ्या आईने बाईंच्या देखत त्यांचा हात धरला.