पडद्याआडचा डोसा

जरा इकडं कान कर गं. परवा आलीस आणि दारातूनच परत गेलीस, आजोळी असं येतात का? कोपऱ्यावर पिझ्झाचं नवं दुकान उघडलंय, त्याचा भाजका वास खिडकीतून आला आणि मला सत्तर-बहात्तर सालचं सांगलीच्या पेठेतलं हॉटेल आठवलं. ते नवंच उघडलेलं, दाराला झेंडूची माळ, आत तव्यावर लोणी चरचरत होतं. तुझे आजोबा फौजेतून सुट्टीवर आलेले, दुसऱ्याच दिवशी परत निघायचे होते. बांगड्या भरायच्या म्हणून मला घरातून काढलं आणि थेट तिथल्या पडदा लावलेल्या फॅमिली रूममध्ये नेलं. दोन डोसे आले, तरी मी पदर सावरून नुसती बसून. घरी पुरुषांची जेवणं झाल्याशिवाय आम्ही बायका घास घेत नव्हतो. "खा की," ते म्हणाले. "आवं, आदी तुमी." "फौजेत समदे संगं जेवत्यात." "मी काय शिपाई हाय व्हय?" ते हसले, पण डोशाला हात लावीनात. "तू घास घेतल्याबिगर मी न्हाई खायाचा. उद्या उपाशीच गाडीत बसंन." डोसा मऊ पडत चालला, तसा मीच पहिला तुकडा मोडून चटणीत बुडवला, तेव्हा कुठं त्यांनी खायला घेतलं. लग्नाला तीन वर्षं झाली होती, आणि त्यांना जेवताना समोर बसून मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. एकाच गालानं चावत होते. आता ते नाहीत, आणि कोपऱ्यावरच्या त्या पिझ्झाच्या दुकानात एकटीनं जाऊन बसवत नाही. तू लवकर ये, दोघी जाऊ. पण गरम असतानाच खायचं हं, मी तुझ्यासाठी थांबणार नाही.