पुलावरचा डिपर

त्या रविवारी दुपारी वेल्समधल्या एका पुलावर माझा मित्र वारला. गाडी तो चालवत होता. मी मागे बसलो होतो.

आम्ही दोघे हिंजवडीतल्या एकाच कंपनीत होतो. तो शेजारच्याच माण गावचा. त्याच्या वडिलांनी, म्हणजे काकांनी, आयटी पार्कात शेत गेल्यावर घरावर मजला चढवून खोल्या भाड्याने दिल्या होत्या आणि त्यातल्या एकीत मी राहत होतो. मी परभणीकडचा. २००६ साली कंपनीने आम्हाला सहा महिन्यांसाठी इंग्लंडला पाठवलं. पहिल्या महिन्यापासून त्याचं एकच चाललं होतं, की एकदा मोठी मोटारसायकल भाड्याने घ्यायची आणि डोंगरात जायचं. ताम्हिणीच्या घाटात तो शाळेत असल्यापासून गाडी चालवत होता. मला दुचाकीची भीती वाटते हे त्याला माहीत होतं. तरी मी गेलो, कारण तो एकटा जाईल याची भीती त्याहून मोठी होती.

गाडी साडेसहाशे सीसीची होती. निघताना तो म्हणाला, "मास्तर, घट्ट धर. पडलास तर तुझ्या घरच्यांना काय सांगू?" मी पुस्तकं वाचतो म्हणून तो मला मास्तर म्हणायचा.

तिकडे वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात. त्यामुळे त्याला एका दिवसात सगळं सवयीचं वाटू लागलं. मला मात्र प्रत्येक वळणाची भीती वाटत होती. दोन्ही बाजूंना दगडी बांध, मधे एका मोटारीपुरता रस्ता. समोरून कोणी आलं तर बांधात केलेल्या जागेत थांबायचं. मी त्याचा खांदा दाबायचो.

"खांदा सोड की. चिटपाखरू न्हाई रस्त्याला."

"वळण दिसतंय ना?"

"मला दिसतंय. तू डोळं मिट."

अकराच्या सुमारास अशाच एका अरुंद जागी समोरून ट्रॅक्टर आला आणि त्याने दिवे उघडझाप केले. आपल्याकडे त्याला डिपर देणं म्हणतात, आणि घाटात त्याचा अर्थ एकच: मी येतोय, तू थांब. ज्याने आधी डिपर दिला, रस्ता त्याचा. मित्राने करकचून ब्रेक मारला. ट्रॅक्टरही थांबलेलाच होता. काही वेळ दोघेही हलले नाहीत. शेवटी ट्रॅक्टरवरच्या म्हाताऱ्याने हात हलवून आम्हाला बोलावलं.

"येडं हाय का काय हे?" मित्र हसला. "डिपर बी देतंय आन् थांबतंय बी."

मला तेव्हाच उमगलं. तिकडे दिवे उघडझाप करणं म्हणजे, तुम्ही या, मी थांबतो. आदल्या आठवड्यात वाचनालयातून मी तिथल्या वाहतुकीच्या नियमांचं पुस्तक आणलं होतं. त्यात लिहिलं होतं की या खुणेवर भरवसा ठेवू नका. का लिहिलं होतं ते आता समोर दिसलं.

पुढे एका गावात आम्ही चहाला थांबलो. दिव्यांचा तिकडचा अर्थ सांगायचा म्हणून मी सॅकमधून ते पुस्तक काढलं. त्याने ते हातातून घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत दिलं.

"पुस्तक वाचून गाडी येती व्हय रं? मग चालव की तू. मी बसतो मागं."

मी हसलो आणि पुस्तक सॅकमध्ये ठेवलं. पुढच्या थांब्यावर सांगू, असं ठरवलं. पुन्हा गाडीवर बसलो तेव्हा सकाळची भीती उरली नव्हती. तिच्या जागी दुसरी आली होती, आणि ती नेमकी होती. आता मी वळणं बघत नव्हतो. समोरून कोणी येतंय का, तेवढंच बघत होतो. तास दीड तास कोणी आलं नाही. हेल्मेटमध्ये माझा श्वास मलाच ऐकू येत होता. वाऱ्यात ओरडून सांगता आलं असतं. थांब म्हटलं असतं तर तो चिडवत का होईना, थांबला असता.

मग तो पूल आला. दगडी, मधे उंच, एका वेळी एकच वाहन जाईल असा. पलीकडच्या टोकाला एक पांढरी व्हॅन दिसली. मित्राने दोनदा डिपर दिला आणि वेग तसाच ठेवला. ती थांबणार, असं त्याला वाटलं. तिच्या चालकाला काय वाटणार, ते मला माहीत होतं. मी खांदा दाबला. सकाळपासून मी तो इतक्या वेळा दाबला होता की त्याने मान हलवली आणि गाडी पुलावर घातली. पलीकडून व्हॅनही पुलावर चढली.

मी कठड्यापलीकडच्या गवतात पडलो. मनगट मोडलं, एवढंच. व्हॅनचा चालक रस्त्यावर बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "त्यानेच मला बोलावलं." पोलिसांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, हो, त्याने दिवे दाखवले होते.

माणला आल्यावर मी फक्त एवढंच म्हणालो की व्हॅन समोरून आली. महिनाभराने काका वरच्या खोलीत आले आणि खाटेवर बसले. "काय झालं त्ये नीट सांग," म्हणाले. मी ट्रॅक्टरपासून सांगितलं.

"म्हंजी पोरानं हितल्यागत डिपर दिला."

"हो."

"आन् तुला ठाव हुतं."

"हो, काका. सकाळपासून."

"मग बोलला का न्हाईस?"

"तो हसेल म्हणून."

ते उठले. दारात थांबून म्हणाले, "त्याच्या आईला ह्ये सांगू नगंस."

मी सांगितलं नाही. काकू गेल्या वर्षी गेल्या, व्हॅनवाल्याला दोष देत. काका खाली राहतात, मी वर राहतो. संध्याकाळचा स्वयंपाक मी करतो आणि आम्ही दोघे जेवतो.