म्या नजरेनं घड्याळ थांबवलं तेव्हा

हसायचं आसल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढं सांगताना मलाच मेल्याहून मेल्यासारखं होनार हाय.

निजामाचा अंमल होता. मी उमापूरचा, तालुक्याच्या कचेरीत मुन्शी. एका पाहुण्यानं मला पुस्तक दिलं. त्यात लिवलेलं, मन एकाग्र केलं तर नुसत्या नजरेनं वस्तू हालती, थांबती. झालं! मी लिंबापासून सुरुवात केली. पंधरा दिवस त्याच्याकडं टक लावून बसलो. लिंबू सुकलं, पर जागचं हाललं न्हाई.

मग कचेरीतलं भिंतीवरचं घड्याळ धरलं. भर दुपारी, साहेब जेवायला गेलते. लंबकावर नजर रोखली अन् मनातल्या मनात मनलो, "थांब!"

थांबलं की वो!

टिक झालं, टक झालंच न्हाई. माझ्या हातातला टाक गळून पडला. चपराशी उस्मानचाचा दारातच उभे.

"चाचा, म्या थांबवलं!"

"काहून? कशानं?"

"नजरेनं!"

चाचा दोन पावलं मागं सरले.

सांजच्याला बातमी गावभर. घरी गेलो तर बायको जात्यावर पदर पसरून उभी. "इकडं बघू नगा, उद्याचं दळान बाकी हाय!"

शेजारचे सखारामअप्पा तर मला बघताच छातीवर हात धरून भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. "मुन्शीजी, नजर वळवा! इथं बी टिकटिकच हाय!"

खरं सांगू? ते आइकून माझीच बोबडी वळली. खरंच कुनाचं काळीज थांबलं तर? सगळ्यांदेखत मी खुनी ठरनार! दोन दिवस मान खाली घालून हिंडलो. बायकोशी बोलताना बी जमिनीकडं बघायचो. तिला ते लई आवडलं.

तिसऱ्या दिवशी तहसीलदारसाहेबांनी बोलावलं. पेशीला आलेली मानसं खोळंबलेली, किती वाजले ते कुनालाच ठाव न्हाई.

"मुन्शी, तुमने रोका ना? अब चलाओ!"

आख्खी कचेरी श्वास धरून उभी. मी डोळे वटारले. पानी आलं, कपाळाची शीर ताठली. मनात मनलो, चल! चल की बाबा! मग मोठ्यानं मनलो. मग हात जोडले.

घड्याळ ढिम्म.

साहेबांनी मागं वळून इचारलं, "उस्मान, इसको चाबी कौन देता है?"

चाचा जमिनीकडं बघत पुटपुटले, "मुन्शीजीच देतात, साहेब. हर जुमेरातीला."

माझा हात आपसूक कमरेला गेला. चावी माझ्याच करदोड्याला! अन् मागच्या गुरुवारी मी ती द्यायलाच इसरलतो.

साहेबांनी माझ्या कमरेच्या चावीकडं बोट केलं. मग मनले, "सच्ची बात है, मुन्शी. घडी तुम्हारे दिमागनेच रोकी!"