बोल्टावरची लाल रेघ

माझ्या भावोजींनी आयुष्यात ज्यांच्यावर संशय घेतला त्यांची यादी केली, तर सगळ्यात वर मी निघेन. मी त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. माझं टायरचं दुकान त्यांच्या गॅरेजला लागून आहे, मधे फक्त पत्र्याची भिंत. त्या भिंतीला डोळ्याच्या उंचीवर एक भोक आहे. ते मी पाडलेलं नाही.

अख्खा बाजार त्यांना रेघोबा म्हणतो. कारण साधं आहे. महत्त्वाचा बोल्ट आवळून झाला की ते बारीक ब्रशने त्याच्यावर लाल रंगाची रेघ ओढतात, बोल्टाच्या डोक्यावरून थेट शेजारच्या लोखंडापर्यंत. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते. अशी रेघ बरेच मिस्त्री ओढतात, बोल्ट सैल झाला तर कळावं म्हणून. भावोजी ओढतात ते कोणी हात लावला तर कळावं म्हणून.

काम मात्र सोन्यासारखं. शहरात ऑफिसला जायला घेतलेली साधी गाडी, चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळतो एवढ्याच भांडवलावर डोंगर चढायला निघालेली, ती त्यांच्याकडे यायची. ते तिला जमिनीपासून चार बोटं वर उचलायचे, पोटाखाली जाड पत्रा लावायचे, दणकट टायर बसवायचे, आणि तीच गाडी दगडधोंड्यांतून जायला लागायची. पण त्याआधी गिऱ्हाइकाची उलटतपासणी. कशाला जायचंय वर? कोण आहे तिकडे? आधी कुठल्या मिस्त्रीने हात लावला? आणि प्रत्येक उत्तरावर, "नक्की?" एकदा नाही, तीनदा. ताईला लग्नाचं विचारलं तेव्हाही तीनदाच विचारलं होतं म्हणे. ताई तिन्ही वेळा हो म्हणाली. तिथेच तिची चिकाटी ओळखायला हवी होती.

गेली दोन-तीन वर्षं हा प्रकार फारच वाढला होता. साधं "चहा घेता का?" म्हटलं तरी "काय?", मग "कसला?", मग पुन्हा "काय म्हणालास?" आपण तिसऱ्यांदा बोलताना ते आपल्या ओठांकडे टक लावून बघायचे. वय झालं की माणूस विरघळतो म्हणतात. आमचे भावोजी मात्र दिवसेंदिवस फौजदार होत होते. माझा राग नाकावरच असतो, त्यामुळे मी दिवसातून दोनदा भांडून परत यायचो.

दीड वर्षापूर्वी तर कहर झाला. त्यांच्याकडे एक लांब दांड्याचा पाना होता. त्यावर हव्या तेवढ्या जोराचा आकडा लावून ठेवायचा, आणि बोल्ट तेवढा आवळला की पाना आतून टक् असा आवाज करून दांड्याला हलका झटका देतो. मग थांबायचं. मी तो एका दुपारी उसना नेला आणि संध्याकाळी परत दिला. दुसऱ्या दिवशी हे दारात उभे.

"माझा पाना कुठाय?"

"काल दिला की."

"तो माझा नाही. बदललास तू. त्याला टक् येत नाही."

मी पाना घेतला, त्यांच्यासमोर एका चाकाचा नट आवळला. टक्. अगदी स्वच्छ.

"हा काय आला."

"तुला बरा येतो," ते म्हणाले, आणि माझ्याकडे असे बघत राहिले की माझ्याही मनात क्षणभर पाल चुकचुकली. त्यांनी नवीन पाना आणला. त्यालाही टक् नाही म्हणून दुकानदाराशी भांडून परत केला. जुना भंगाराच्या पेटीत गेला. सगळे कारखानेवाले लबाड आहेत असा निकाल लागला आणि तेव्हापासून ते साध्या पान्याने हाताच्या अंदाजावर आवळू लागले. "माझा हात कधी खोटं बोलत नाही," हे त्यावरचं वाक्य.

मला खरंच वाटलं, की भांडायला निमित्त हवं होतं. दुसरं काही माझ्या डोक्यातच आलं नाही.

यंदा भाचीला नोकरी लागली. ती जनावरांची डॉक्टर. नेमणूक मिळाली ती वरच्या पठारावर, जिथे वस्त्या चार-चार कोस लांब, रस्ता म्हणजे नुसती दगडांची उतरण आणि मधे दोनदा नदी ओलांडायची. पूल नाही. तिने स्वतःच एक वापरलेली, चारही चाकं ओढणारी गाडी घेतली आणि बापाच्या हवाली केली. म्हणाली, "बाबा, सोमवारी सकाळी निघायचंय. प्रत्येक बोल्ट तुम्ही स्वतः आवळायचा. दुसऱ्या कोणाचा हात नको." बापाची लेक. त्या उतरणीवर चाक धरून ठेवणारा एक बोल्ट जरी निघाला, तरी गाडी थेट नदीत, हे तिलाही ठाऊक होतं आणि आम्हालाही.

त्या तीन आठवड्यांत भावोजींनी मला जगू दिलं नाही. मी चार नवे कोरे टायर दिले, तर ते सुतळी घेऊन प्रत्येकाचा घेर मोजत बसले. अशा गाडीला चारही टायर अगदी सारखे लागतात, नाहीतर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडत राहतात आणि मधली जोडणी तापून जळते, हे मला माहीत आहे. माझा धंदाच तो आहे. तरी मोजले. मग सुतळी ताणली जाते का, ते मोजलं.

शेवटच्या आठवड्यात जोडणी सुरू झाली. मंगळवारी पुढच्या चाकांच्या वर, गाडी उंच करणाऱ्या जाड चकत्या, बुधवारी मागच्या. गाडी चाकांवर जमिनीवर उभी, सगळं वजन तिचं तिच्यावर, तेव्हाच हे बोल्ट शेवटचे आवळायचे असतात. गिऱ्हाइकाच्या गाडीवर रेघ ओढली की ते तिच्याकडे पुन्हा बघत नसत. लेकीची गाडी मात्र रोज सकाळी टॉर्च घेऊन तपासायचे. बुधवारी सकाळी भिंतीच्या भोकातून आवाज आला.

"इकडे ये."

गेलो. ते गाडीखाली आडवे होते. टॉर्चचा झोत एका बोल्टावर.

"ही माझी रेघ नाही."

मला तर रेघ रेघेसारखीच दिसत होती, सरळ, न तुटलेली.

"मी वरून खाली ओढतो. शेवट बारीक होतो. हिचा शेवट बघ, जाड आहे. ही खालून वर ओढलीय. आणि बोल्ट पाव आटा फिरलाय. कोणीतरी खोलला, परत लावला, वर माझ्यासारखी रेघ ओढली." ते बाहेर सरकले आणि माझ्या बोटांकडे बघितलं. "हात दाखव."

मी हात दाखवले. टायरवाल्याचे हात, काळे. ते मिनिटभर न्याहाळत राहिले, लाल रंग काळ्याखाली दडलाय की काय म्हणून. मी संतापून म्हणालो, "माझी भाची आहे ती." त्यावर ते म्हणाले, "माझी मुलगी आहे," आणि त्यांचा आवाज इतका बारीक होता की माझा राग विझला. माणूस घाबरलेला होता.

गुरुवारी जेवण करून ते माझ्या दुकानात येऊन बसले. एरवी त्या वेळी ते तासभर झोपतात. एक ते अडीच, समोर स्टूल टाकून, डोळ्यांत तेल घालून माझ्यावर पाळत. मी उठलो की उठायचे. अडीचला जाऊन मागची चाकं तपासली, तर सकाळी जशाच्या तशा असलेल्या रेघा तिथेही बदललेल्या. म्हणजे मी निर्दोष सुटलो. त्यांचा चेहरा इतका पडला की मलाच वाईट वाटलं.

"मग कोण?" ते म्हणाले.

शुक्रवारी पोटाखालचा पत्रा बसवला. दुपारी ताईला सांगितलं की वेल्डिंगवाल्याकडे जाऊन येतो, आणि माझ्या दुकानाच्या मागच्या बाजूने परत आले. मला घेऊन गाडीत शिरले. गाडीवर धुळीचं कापड टाकलेलं, काचा बंद. ते मागे, मी पुढच्या सीटवर खाली दबून. "हात दिसतील असे ठेव," म्हणाले. आतून गाडी भट्टीसारखी तापली होती. मी मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्यांची चौकशी केली.

दहा मिनिटांनी चपला वाजल्या. मग मिस्त्री पाठीवर झोपून ज्यावरून गाडीखाली सरकतात, त्या चाकं लावलेल्या फळीची घरघर. मग खालून, माझ्या पायांच्या अगदी खाली:

टक्.

मी वळून भावोजींकडे बघितलं. ते कान टवकारून बसले होते, काचेकडे बघत.

टक्.

"कोणी आलं का?" त्यांनी विचारलं. आपण कुजबुजतोय असं त्यांना वाटत होतं. ती कुजबुज रस्त्यापलीकडे गेली असेल.

खालचा आवाज थांबला. मग ताईचा आवाज आला, शांत, भाजी आणायला सांगावी तसा. "आत आहात तर हलू नका. अजून दोन राहिलेत."

भावोजी अजून काचेकडेच बघत होते.

दोन आवाज त्यांच्या खालून गेले, वर बायको बोलली, आणि या माणसापर्यंत काहीच पोचलं नव्हतं. त्या क्षणी मला दीड वर्ष एकदम कळलं. तो पाना, ते ओठांकडे बघणं, ती तीन-तीनदा विचारणी. मी ज्याला संशय म्हणत होतो त्यातला निम्मा बहिरेपणा होता. शेजारी राहून मला कळू नये याची मला लाज वाटली, अजून वाटते.

"ताई आहे," मी त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणालो.

"कोण?"

"ताई."

"नक्की?"

मी दार उघडलं.

ते उतरून गुडघ्यावर बसले. ताई गाडीखाली पाठीवर झोपलेली, पदर कमरेला खोचलेला, हातात भंगाराच्या पेटीतला तोच पाना, बाजूला लाल रंगाची डबी.

"तो बिघडलाय," भावोजी म्हणाले.

ताईने पाना बोल्टावर चढवला, त्यांचा हात ओढून दांड्यावर ठेवला, वर स्वतःचा ठेवला आणि ओढला. टक्. मला दोन हातांवरून ऐकू आला. ती त्यांच्याकडे बघत होती. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. आयुष्यभर हवेच्या दाबावर चालणाऱ्या पान्याचे हादरे खाऊन बोटांतही काही उरलं नव्हतं.

"आला?" त्यांनी विचारलं.

"आला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"कधीपासून?"

"दीड वर्ष," ती म्हणाली, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून. "स्वयंपाकघराची खिडकी गॅरेजमध्ये उघडते. तीस वर्षं मी कांदा चिरताना तुमचे टक् मोजत आलेय. सोळा बोल्ट, सोळा टक्. मग तुम्ही हाताने आवळायला लागलात. मग एका जीपचा पत्रा लोंबकळत परत आला, तेव्हा तुम्ही गिऱ्हाइकावर संशय घेतलात, की त्याने दुसरीकडे खोलला. मी जाऊन उरलेले बोल्ट बघितले. तुमची रेघ होती, आणि बोल्ट सैल. त्या दिवसापासून तुम्ही झोपलात की मी येते."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही जगात कोणावर भरवसा ठेवला नाहीत. फक्त स्वतःवर. तेवढाच आहे तुमच्याकडे. तो मी कसा काढून घेऊ?"

भावोजी त्या गाडीकडे बघत राहिले. गाडी विकणारा, पत्रेवाला, पानेवाला, मी, सगळ्यांची झडती घेऊन झाली होती.

"म्हणजे मीच," ते म्हणाले.

मी असतो तर त्या जागी रडलो असतो. ते खाली आडवे झाले, तिच्याशेजारी, जमिनीवरच. शेवटचा एक बोल्ट राहिला होता. पाना त्यांनी घेतला, ओढला, आणि मान वळवून तिच्या ओठांकडे बघत राहिले.

"झालं," ती म्हणाली.

त्यांनी लगेच हात थांबवला. मी "नक्की?"ची वाट बघत होतो. ते आलं नाही. ब्रश उचलून त्यांनी तिच्या हातात दिला आणि तिने रेघ ओढली, खालून वर, शेवट जाड.

सोमवारी सकाळी भाची निघाली. सामान भरलं, आरसे जुळवले, काच खाली केली. भावोजी खिडकीपाशी उभे होते.

"बाबा, सगळे बोल्ट तुम्ही स्वतः आवळलेत ना?" तिने त्यांच्या तोंडाकडे बघत सावकाश विचारलं. त्यांच्या कानांचं तिला कधीपासून ठाऊक होतं कोण जाणे.

ताई दारात ताठ उभी राहिली. मी पत्र्याच्या भिंतीला टेकलो. एक "हो" म्हटलं असतं तर तो माणूस मरेपर्यंत रेघोबाच राहिला असता.

"मी आवळले होते," ते म्हणाले. "सैल होते. मग तुझ्या आईने आवळले."

"नक्की?"

"नक्की. तिच्या कानांवर भरवसा ठेवून जा तू."

भाचीने आईकडे बघितलं, मग बापाकडे, आणि गाडी चालू केली. तिने पुन्हा विचारलं नाही.